पडद्यावरचा कावळा

आयुष्यात मी एकच व्हिडिओ गेम बनवला आणि तो एकच बाई खेळली. ती माझी सासू. बनवायला एक रविवार लागला, त्यातला बराचसा चुका करण्यात आणि त्या निस्तरण्यात गेला. आज नातवंडं मोबाइलवर जे काही खेळतात त्याच्या शेजारी माझा गेम ठेवला, तर विमानाशेजारी पत्रावळ ठेवल्यासारखं दिसेल. तरी मी त्यांना ऐकवल्याशिवाय सोडत नाही. तुमची आजी प्रोग्रामर होती म्हटलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. तेव्हाची मी समोर आली असती तर मीही हसले असते.

तेव्हा म्हणजे दोन हजार सालाच्या थोडं पुढे. माझी चाळिशी उलटली होती. माहेर मुरबाडकडे धसईला, सासर शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या पुढे, आणि नोकरी गावातल्याच शाळेत, पहिली-दुसरीच्या वर्गावर. आम्हा शिक्षकांना कॉम्प्युटर यायलाच पाहिजे असा हुकूम निघाला होता. बाकीच्या बाया शहापूरच्या क्लासला रडतखडत जायच्या. मी ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून जायची. क्लास पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता, त्यामुळे घरी येताना साडीसकट मीही पांढरी झालेली असायची, पण रुबाब कमी व्हायचा नाही. कोर्स संपल्यावरही मी हटेना, तेव्हा तिथल्या सरांनी मला बेसिक नावाची प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली. दोन संख्यांची बेरीज करणारा माझा पहिला प्रोग्राम चालला त्या दिवशी मी एस.टी.त शेजारी बसलेल्या भाजीवालीला लूप म्हणजे काय ते किन्हवली येईपर्यंत समजावलं. ती बिचारी दर थांब्याला मान लांब करून आपलं गाव आलं का ते बघत होती. सर्टिफिकेट मी फ्रेम करून सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावलं आणि दसऱ्याला त्याला झेंडूही वाहिला. माझ्या नवऱ्याने त्याच्या कंपनीत मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आसनगावहून रिक्षात मांडीवर घेऊन आणला होता. त्याला मी माझ्या लग्नातल्या शालूच्या कापडाचं आवरण शिवलं. मला स्वेटर नव्हता, कॉम्प्युटरला होता.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड सावरलं, पाय ओढत का होईना चालू लागल्या. उजवा हात मात्र मांडीवर ठेवावा तिथेच पडून राहायचा, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. शहापूरच्या डॉक्टरांनी एकेक बोट दाबून बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हातात अजून जीव आहे, पण आताच हलवला नाही तर बोटं आखडतील, आणि एकदा आखडली की मग कायमची. रबरी चेंडू दिला. रोज जमेल तितक्या वेळा दाबायचा.

आत्याबाईंनी चेंडू दाबला नाही. "मी काय रांगतं पोर हाय का?" म्हणून त्यांनी तो डाव्या हाताने गोठ्यात भिरकावला आणि वासराने चघळून टाकला. दुसरा आणला तो उशीखाली गेला. मी तेल चोळायला बसले की हात पुढे करायच्या, पण जरा हलवा म्हटलं की तोंड फिरवायच्या. "मेला तो," म्हणायच्या, "मेल्याला कशाला उठवतंस गो?" ज्या हाताने त्यांनी चाळीस वर्षं लावण्या केल्या, त्याला त्या स्वतःच पोचवून आल्या होत्या. पावसाळा सरत आला, आणि सकाळी तेल लावताना मला कळू लागलं की करंगळी पहिल्याइतकी उलगडत नाही. मला भीती वाटत होती. थोडा हट्टही होता. पहिलीच्या पोरांच्या बोटांना मी खडू धरायला शिकवते, तर या एका बाईची बोटं माझ्याने हलू नयेत?

पितृपंधरवडा लागला होता. हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात पसवून दाण्यात दूध भरायला लागलं होतं आणि पाखरांचे थवे उतरत होते. आमच्या शेतावर राखणीचा माळा असायचा, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माळ्यावर गोफण घेऊन बसण्याचा मान आत्याबाईंचा. त्यांची गोफण सुटली की तिचा फटकारा घरापर्यंत ऐकू यायचा आणि थवाच्या थवा चादर झटकल्यासारखा उठायचा. त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी माझा नवरा माळ्यावर बसत होता आणि आत्याबाई ओटीवर बसून त्याच्या प्रत्येक फेकीला नावं ठेवत होत्या. त्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे बघत चहा पीत होते आणि माझ्यातल्या प्रोग्रामरच्या अंगात आलं. पडद्यावर शेत काढायचं. शेतावर चिमण्या. कीबोर्डवरचं खालचं लांब बटण दाबलं की गोफण सुटणार. चेंडू शंभरदा दाबायला सांगितला तर ही बाई ऐकणार नाही, पण पाखरं दिसल्यावर तिला राहवेल का?

शालूचं आवरण काढलं आणि बसले. चित्र काढणं मला येत नव्हतं, म्हणून अक्षरांवरच भागवलं. हिरव्या उभ्या रेघा म्हणजे भात. इंग्रजी व्ही म्हणजे चिमणी. पूर्णविराम म्हणजे गोफणीचा खडा. पहिल्यांदा चालवलं तेव्हा चिमणी पुढे सरकली, पण मागची पुसायची हे मी लिहिलंच नव्हतं. त्यामुळे ती जिथे जिथे गेली तिथे एकेक चिमणी सोडत गेली आणि बघता बघता पडदा गच्च भरला. आत्याबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "ही कुणाची शेती गो? एक दाणा राहणार नाय." पुसायची ओळ लिहिली तर चिमण्यांबरोबर भातही पुसलं जाऊ लागलं. भाताची व्यवस्था केली तर खडा पडद्याच्या बाहेर जाऊन प्रोग्राम कोलमडायचा. चुलीवरची डाळ करपली. मी माझ्या मते मोठं काम करत होते, त्यामुळे करपलेल्या डाळीचाही मला अभिमान वाटला.

मग वीज गेली.

भारनियमनाची वेळ मला पाठ होती. सरांनी तर बजावून सांगितलं होतं की दर थोड्या वेळाने काम साठवून ठेवत जा, पण ते मी कच्च्या विद्यार्थ्यांसाठी आहे असं धरलं होतं. सकाळपासूनचं शेत, चिमण्या, खडे सगळं गेलं. काळ्या पडद्यात माझाच चेहरा दिसत होता, आणि प्रोग्रामरचा चेहरा असा असतो असं काही मला वाटलं नाही. उठले, दुसरी डाळ टाकली, आत्याबाईंना जेवायला वाढलं. त्या आजारी पडल्यापासून मीच त्यांना घास भरवत असे. भरवता भरवता सगळी हकिगत सांगितली. त्या चावत चावत ऐकत होत्या. म्हणाल्या, सकाळी पाखरं उठवलीस, दुपारी वीज गेली, आता पुन्हा पेर. तुमच्या धसईत एवढं पण शिकवत नाय का?

माझ्या माहेराला नावं ठेवणं हा आत्याबाईंचा जेवणानंतरचा विडा होता. धसईच्या बाया बोलतात फार, धसईचा तांदूळ मऊ शिजत नाही, मुरबाडकडचं पाणीच तसलं. मी लग्नानंतर पहिली काही वर्षं रडले, पुढची काही भांडले, आणि मग रेडिओ चालू असावा तसं ऐकू लागले.

वीज आली आणि मी पुन्हा बसले. दुसऱ्यांदा लिहिताना एक गोष्ट लक्षात आली ती अजून आठवते. सकाळी ज्या गोष्टीला मी पानभर ओळी खर्च केल्या होत्या, ती आता चारपाच ओळींत होत होती. हाताला ती आठवत होती. दर थोड्या ओळींनी मी काम फ्लॉपीत साठवत होते, मांजराने पिल्लं हलवावीत तशी. उन्हं कलायच्या आधी गेम तयार झाला. चिमण्या उतरत होत्या, बटण दाबलं की खडा सुटत होता, चिमणी उडत होती आणि वर कोपऱ्यात किती उठवल्या त्याचा आकडा वाढत होता. एक बारीकसा आवाजही टाकला होता.

आत्याबाईंना खुर्चीत आणून बसवलं. कसं खेळायचं ते सांगितलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, डोळे बारीक केले, आणि डाव्या हाताने बटण दाबलं.

चिमणी उडाली. पुन्हा दाबलं, पुन्हा उडाली. त्या हसल्या, आजारपणानंतर पहिल्यांदा दात दिसले. मग डाव्या हाताने त्यांनी असा काही सपाटा लावला की आकडा सरसर चढत गेला, आणि उजवा हात मांडीवर पडून बघत राहिला. मी म्हटलं, आत्याबाई, उजव्या हाताने. त्यांनी ऐकलं नाही. मी कीबोर्ड उजवीकडे सरकवला, त्या खुर्चीत उजवीकडे वळल्या. मी प्रोग्राम बदलून अगदी उजव्या टोकाचं बटण ठेवलं, त्यांनी डावा हात लांब केला. शेवटी मी वैतागून म्हटलं की हे सगळं मी उजव्या हातासाठी केलंय, खेळण्यासाठी नाही.

"चिमणीला काय ठावं, हात कुठला?" त्या म्हणाल्या.

अख्खा रविवार घालून मी एका धडधाकट डाव्या हाताला व्यायाम दिला होता. त्यांना खेळत ठेवून मी चहा टाकायला गेले. पातेल्यात साखर घालताना माझ्याच हाताकडे लक्ष गेलं आणि मी चमचा धरून तशीच उभी राहिले. या बाईला डावा हात इतका चालतो, तर मग मी त्यांना भरवते कशाला? डाव्या हाताने त्या जेवू शकल्या असत्या. पहिल्याच दिवशी मी सुचवलं होतं, तेव्हा मी शेण खायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. डाव्या हाताने जेवत नाहीत. डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत. चिमणीला खडा मारायला डावा चालतो, घास द्यायला चालत नाही. दिवसातून तीनदा मी ते बघत होते, आणि वर प्रोग्रामर म्हणवत होते.

चहा तसाच ठेवून आले, त्यांना जरा बाजूला बसा म्हटलं आणि प्रोग्राम उघडला. बदल फार करावा लागला नाही. भात काढलं, त्या जागी एक पान काढलं. चिमण्या काढल्या. खड्याचा घास केला. आणि वरच्या बाजूला, दिसणार नाही असा, एक मोठा व्ही ठेवला. काही घास पडले की तो खाली उतरून पानाशी येणार. पहिल्या गेममध्ये बटण दाबलं की पाखरू जायचं, यात बटण दाबलं की यायचं.

"हे काय?" आत्याबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, हे मामंजींचं पान. बटण दाबलं की घास पडतो. मग कावळा येतो.

सासऱ्यांची तिथी पुढच्या आठवड्यात होती. मला क्षणभर वाटलं की हे जरा जास्तच झालं. ज्या माणसाच्या फोटोपुढे मी रोज दिवा लावते त्याला मी इंग्रजी अक्षर करून टांगलं होतं. घाईने म्हटलं, खोटं खोटं आहे, आत्याबाई, खेळ आहे.

"खोटं असलं म्हणून काय? नाव त्यांचंच घेतलंस ना."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. डावा हात सवयीने बटणाकडे गेला आणि वरच्या वर थांबला. तो त्यांनी मागे घेतला. मग त्याच डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि कीबोर्डवर ठेवला. बोटं बटणावर नुसती पडली होती. त्यांचा खालचा ओठ दाताखाली गेला. बराच वेळ काही झालं नाही. मग तर्जनी हलली म्हणावं इतकी हलली, आणि पानावर एक घास पडला.

मी श्वास सोडला तो बहुधा शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या वर बघत होत्या, कावळा कुठून येतो ते. दुसरा घास पडला. तिसरा पडला. कावळा आला नाही.

आमच्याकडे पानाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात. मग घरची माणसं हात जोडून एकेक गोष्ट कबूल करत जातात, नेमकी ती कबूल झाली की तो शिवतो. आत्याबाईंनी पडद्याकडे बघत सुरुवात केली. बांधावरचा आंबा तोडू देणार नाही, म्हणाल्या, आणि बटण दाबलं. तुमच्या धाकट्या भावाशी बोलीन, पण आधी तो बोलला पाहिजे. बटण. सूनबाईच्या माहेराला नावं ठेवणार नाही. बटण. ती त्या डब्यापुढे बसली की बडबडणार नाही. बटण.

काय चुकलं होतं ते मला एव्हाना कळलं होतं. किती घास पडले याची मोजणी शून्यापासून सुरू करणारी ओळ मी लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आत टाकली होती. म्हणजे दर घासाला कावळा पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. घास किती का पडेनात, तो जन्मात उतरणार नव्हता. पण धसईचं नाव निघाल्यावर मी ते लगेच सांगायचं सोडून गप्प बसले. पंचवीस वर्षांची थकबाकी फिटत होती. अजून काय काय पदरात पडतंय ते बघायला मी हाताची घडी घालून उभी राहिले.

आत्याबाईंच्या ओठावर घाम आला होता. बोट घसरत होतं, त्या पुन्हा डाव्या हाताने ते जागेवर आणत होत्या. "आता काय राहिलंय तुमचं?" त्या पडद्याला म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली उतरली. कीबोर्डवरच्या आपल्या हाताकडे त्या बघत राहिल्या, ओळखीचं कुणी खूप दिवसांनी दिसावं तसं.

"याचंच असंल," त्या हळू म्हणाल्या. "जेवीन मी. माझ्या हातानं जेवीन."

आणि बटण दाबलं.

कावळा येणार नव्हता. हे फक्त मला माहीत होतं, आणि माझी घडी घातलेली मिजास एका क्षणात उतरली. एवढं कबूल करूनही तो आला नाही तर हा हात मांडीवर जाईल आणि पुन्हा कुणाच्या सांगण्याने वर येणार नाही. माझ्या एका ओळीने.

मी म्हटलं, "थांबा आत्याबाई, मशीन अडकलंय."

"त्यांना थांबवतंस?"

"नाही. दार उघडते."

ती ओळ पुसून लूपच्या वर लिहायची, एवढंच काम. पण घाईत मी दोनदा चुकीचं लिहिलं. मग मी त्यांना भीत भीत सांगितलं की आता सगळं पहिल्यापासून द्यावं लागेल, आधीचे घास गेले.

मला वाटलं होतं त्या उठतील. त्यांनी हात पुन्हा उचलून ठेवला. या वेळी आंब्याचं काही निघालं नाही, भावाचं निघालं नाही, आणि धसईचं तर नाहीच. ते सगळं पहिल्या खेळाबरोबर वाहून गेलं होतं आणि मी ते काढायला कशी जाणार होते? त्या मुकाट एकेक घास देत राहिल्या. बोट उचलायला वेळ लागत होता, बाहेर उन्हं ओटीवरून खाली उतरली होती. शेवटी त्या एकच वाक्य बोलल्या, मघाचंच, "माझ्या हातानं जेवीन." बोट खाली गेलं आणि वरच्या काळोखातून मोठा व्ही निघाला, अडखळत अडखळत उतरला आणि पानाशी येऊन थांबला.

आत्याबाईंनी दोन्ही हात जोडायला घेतले. उजवा अर्ध्यापर्यंत आला.

अंधार पडायला माझा नवरा गोफण खांद्यावर टाकून शेतावरून आला. हातपाय धुऊन आत आला तेव्हा मी तिघांची ताटं वाढत होते. मी रोजच्यासारखी आत्याबाईंच्या ताटाशी बसले, तर त्या म्हणाल्या, "सर मागं." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी माझं ताट पुढे ओढलं.

त्यांनी डाव्या हाताने ताट धरलं आणि उजवा भातात ठेवला. बोटं मिटत नव्हती. भात गोळा व्हायचा आणि सुटायचा, आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. पहिला घास तोंडापर्यंत गेला तेव्हा त्यात चार शितं उरली होती. त्यांनी ती चावली, बराच वेळ, आणि पुन्हा हात खाली नेला. नवरा मान खाली घालून जेवत होता. मधेच म्हणाला की आज पाखरं फार होती. त्यावर त्या म्हणाल्या की फेक वरून घ्यायची, तू खालून घेतोस, आणि त्यांचा घास सांडला, आणि त्यांनी तो पुन्हा गोळा केला.

आमची दोघांची जेवणं केव्हाच झाली होती. खरकटा हात कोरडा पडून बोटं ताणायला लागली होती. तरी आत्याबाईंचं ताट संपेपर्यंत आमच्यातलं कुणी उठलं नाही.